इंग्रजीत हसणारा भिकाजी

भिकाजी मुणगेकराची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आचऱ्याच्या आभाळातले सगळे कावळे समुद्राकडे पळाले, माडावर चढलेला एक माणूस हातातला कोयता टाकून झरझर खाली उतरला, आणि तिठ्यावर रवंथ करत बसलेली एक म्हैस उठून मालवणच्या रस्त्याला लागली. ती म्हणे थेट कोळंबच्या खाडीशी सापडली. हे मला ज्यांनी सांगितलं त्यांच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण अर्ध्या वाटेपर्यंत मी तिच्यापुढेच पळत होतो.

हा सगळा अनर्थ एका हसण्याने झाला. चौपन्न सालचा जून महिना. आचऱ्याच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर म्हणून माझी नेमणूक झाली होती. मोटारीच्या टपावरून माझी ट्रंक, वळकटी आणि शब्दकोश खाली येत असताना मागच्या बाजूने कुणीतरी हसलं. हसलं म्हणजे काय, आधी विहिरीत कळशी बुडावी तसा बुडबुड आवाज, मग खोकला, मग "हॉ हॉ हॉ हॉ" असा भरदार साहेबी गडगडाट, आणि तो अगदी रंगात आला असताना एकदम गप्प. कुणीतरी दार लावून घ्यावं तसं हसणं मध्येच कापलं गेलं. त्या गडगडाटाने म्हैस उठली आणि त्या शांततेने मी पळालो.

मला परत आणायला माणसं धाडावी लागली. परत आलो तर माझ्या ट्रंकेवर एक तुळतुळीत डोक्याचा, काटकुळा, पंचा नेसलेला माणूस बसला होता. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत त्याने विचारलं,

"नवे मास्तर तुमीच?"

"हो."

"इंग्रजी येता?"

"त्यासाठीच तर आलोय."

"वाचूक येता?"

"येतं."

"लिवूक?"

"येतं."

तो ट्रंकेवरून उठला, माझ्या कानाशी तोंड आणलं आणि आजूबाजूला पाहत हळूच म्हणाला,

"हसूक येता?"

इंग्रजी विषय घेऊन मी बी. ए. झालो होतो. विद्यापीठाने माझ्याकडून निबंध लिहून घेतले, कवितांचे अर्थ लिहून घेतले, पण इंग्रजीत हसून दाखवा असं कुणी म्हटलं नव्हतं. तरीही नव्या गावात पहिल्याच दिवशी नाही म्हणायचं बरं दिसेना. मी म्हटलं, "येतं की."

त्याचे डोळे चमकले. "मगे आयतवारी घराकडे येवा. नेटीबायची वळख करून देतंय."

एवढं बोलून तो माझी वळकटी डोक्यावर घेऊन चालायला लागला. ही नेटीबाय कोण, ती गावात काय करते, आणि तिच्या ओळखीसाठी मास्तराला हसता यायला का हवं, याचा विचार करत मी मागून निघालो. त्या दिवशी जो गोंधळलो तो गोंधळलोच. आचऱ्यात सात वर्षं काढली, पण भिकाजीच्या बाबतीत माझं डोकं एक दिवसही ताळ्यावर आलं नाही.

*

भिकाजी मुंबईत बर्फ फोडायचा. समुद्रासमोरच्या एका मोठ्या हॉटेलात मुदपाकखाना आणि दिवाणखाना यांच्या मधल्या बोळात लाकडाचं टेबल होतं. त्यावर बर्फाची लादी ठेवायची, टोच्याने तिचे तुकडे करायचे आणि वेटरांच्या भांड्यांत भरायचे. आचऱ्यातून मुंबईला गेलेली माणसं गिरणीत जात, गोदीत जात, नाहीतर बोटीवर चढत. भिकाजीच्या आधी गावातलं कुणी बर्फाला लागलं नव्हतं. "झील काय करता?" असं कुणी विचारलं की त्याची आई "थंडीचां काम करता" म्हणून सांगायची, आणि ऐकणारे कळल्यासारखी मान हलवायचे.

त्या हॉटेलच्या दिवाणखान्यात रोज संध्याकाळी बँड वाजे आणि मिस नेटी फ्लॅनरी नावाची बाई गाई. गोऱ्या साहेबांच्या त्या शेवटच्या वर्षांत मुंबईत तिचं मोठं नाव होतं, असं भिकाजी म्हणे. ती नाचत नसे, फार हातवारे करत नसे. पियानोला टेकून उभी राहायची आणि गाणं म्हणायच्या ऐवजी सांगायची. तिचं बोलणं ऐकून साहेब लोक टेबलं बडवत हसायचे.

भिकाजीने मात्र तिला सबंध अशी कधीच पाहिली नाही. बोळ आणि दिवाणखाना यांच्यामध्ये दोन्हीकडे उघडणारं झुलतं दार होतं. वेटर आत गेला की दार उघडे, तेवढ्या वेळात नेटीबायचा एक कोपर दिसे. वेटर बाहेर आला की एक बूट. कधी नशीब जोरावर असलं तर अर्धी टोपी. असे तुकडे जोडून जोडून त्याने वर्षानुवर्षांत एक बाई उभी केली होती. आवाज मात्र सबंध यायचा, आणि हसणंही. फक्त दार बंद झालं की ते हसणं कापलं जायचं. भिकाजी बोळात बर्फ फोडता फोडता त्या हसण्यात आपलं हसणं मिसळायचा आणि दार बंद झालं की थांबायचा. मुकादमाच्या कानावर जाऊ नये म्हणून. ती सवय त्याला जन्मभर राहिली. आचऱ्याच्या म्हशींना हा इतिहास माहीत असता तर त्या इतक्या बिथरल्या नसत्या.

पुढे मुंबईत दारूबंदी आली. दारू नाही तर बर्फ कशाला, आणि बर्फ नाही तर भिकाजी कशाला? तो गावी परतला तेव्हा डोक्यावर पेटीचा ग्रामोफोन आणि पिशवीत एकच तबकडी होती. नेटीबायची. बायकोला लुगडं आणायचं तो विसरला. ही गोष्ट हौसाबाई विसरली नाही.

हौसाबाई म्हणजे भिकाजीची बायको. अंगाने बारीक, बोलायला कोयता. मी पहिल्या रविवारी त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पाय ठेवला तशी ती म्हणाली,

"येवा मास्तर. तुमी ह्येंच्या बायलेक भेटाक इलास?"

"मी? नाही... म्हणजे..."

"मी नव्हे. मी नुसती जेवण करतंय. ती पेटयेत आसा, ती." आणि आत वळून हाक दिली, "अवो, तुमच्या सवतीक उठवा, मास्तर इले!"

या वाक्यात कोण कुणाची सवत होतं ते मी आजही सोडवू शकलेलो नाही. पण ते ऐकून मी हसलो. भिकाजी मात्र हसला नाही. तो मान खाली घालून पेटीला चावी देत होता.

*

गाणं सुरू झालं आणि माझी बी. ए.ची पदवी खळ्यातल्या पोफळीवर जाऊन बसली.

मला संगीत म्हणजे हरिनामाच्या सप्ताहातली पेटी आणि पखवाज एवढंच ठाऊक. इथे पाचसहा माणसं एका होडीत बसली होती, प्रत्येकाला वेगळ्या बंदराला जायचं होतं, आणि तरी होडी झकास चालली होती. हे कसं, ते कळेना. त्या कल्लोळात एक बाई शिरली. गळा गोड नव्हता. सुक्या बांगड्यासारखा होता: करपलेला, खारट आणि भातावर पुन्हा घ्यावासा वाटणारा. ती तालाच्या जरा मागून चालायची. पखवाजाला उशीर झाला की आमच्याकडे बुवा डोळे वटारतात. ही बाई मुद्दाम उशिरा यायची आणि आल्यावर जणू बाकीचेच लवकर आले आहेत असा भाव दाखवायची. चार ओळी सांगून झाल्या की ती थांबे. पियानो दोन बोटं वाजवून गप्प होई. आणि नेमका त्या शांततेत भिकाजी हसला, "हॉ हॉ हॉ हॉ", कट.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही हसलो. शेजारच्या गोठ्यातलं वासरू माझ्यापेक्षा खरं हसलं असतं.

"मास्तर," तो म्हणाला, "बगलात? ती सोता हसत नाय. हसवणाऱ्यान हसू नये. बाकीचे सगळे हसतत, ही उभी."

तीनदा तबकडी लावली. मग हौसाबाई पाणी आणायला विहिरीवर गेली तसा भिकाजी उठून दारापर्यंत जाऊन आला आणि माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याचा चेहरा बदललेला होता.

"मास्तर, एक सांगतंय. कोणाक सांगा नकात. देवाची आण."

"सांगा."

"माका त्यातला काय्यक कळणा नाय."

"म्हणजे?"

"इंग्रजी माका खंय येता? साहेब हसायचे, मी हसायचंय. हंय हसायचे म्हणान हंय हसतंय. वेटर म्हणायचे, भिकाजीक कळता, भिकाजी शाणो. मगे विचारतलंय कोणाक? हसान झाल्यार विचारूक येता काय, कित्याक हसलंय म्हणान?" त्याने तबकडीवरून पंच्याचं टोक फिरवलं. "इतकी वर्सां हसतंय. माका फकत एकदा कळूक व्हया. ती थंय काय म्हणता?"

मी म्हटलं, "मलाही कळलं नाही." एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण तो माझ्याकडे अशा नजरेने पाहत राहिला की पुढे "पण काढू आपण शोधून" हे शब्द माझ्या तोंडून आपोआप निघाले.

झालं. त्या दिवसापासून माझे रविवार नेटीबायला वाहिले गेले.

तबकडी घासलेली, बाईचे उच्चार तोंडात सुपारी धरल्यासारखे, आणि मधेच कुणीतरी तुतारी फुंकायचा. महिनोन्महिने कान लावून माझ्या हाती तीन शब्द लागले: मंगळवार, कर्नल आणि छत्री. एवढ्या भांडवलावर मी अनेक सिद्धांत मांडले. कर्नल मंगळवारी छत्री घेऊन युद्धावर गेला. छत्रीचं नाव कर्नल होतं. कर्नलच्या बायकोने मंगळवारी छत्रीने कर्नलला बडवला. हा शेवटचा सिद्धांत भिकाजीला जरा बरा वाटला. तो डोकं खाजवत म्हणाला, "हां, हसूक येयत तसा. पण मास्तर, साहेब ह्येच्यापेक्षा जास्त हसायचे."

"किती जास्त?"

"टेबल मोडला होता एकदा."

मी परत शब्दकोशाकडे वळलो. टेबल मोडेल असा छत्रीचा अर्थ त्यात नव्हता.

गावाला यातलं काही माहीत नव्हतं. भिकाजी आणि मास्तर रविवारी इंग्रजी बाईचं ऐकत बसतात एवढंच लोकांना ठाऊक होतं, आणि भिकाजीला सगळं कळतं अशी त्यांची खात्री होती. वाण्याच्या दुकानात कुणी साबणाच्या वेष्टनावरचं इंग्रजी त्याच्यापुढे धरलं की तो ते दूर धरून पाही, गालात हसे आणि परत देई. लोक म्हणत, "बगा, कायतरी लिवलेला आसतला." हा मान जाईल ही त्याला धास्ती, आणि विनोद कळल्याशिवाय मरण येईल ही दुसरी. मला वाटतं, दुसरी जास्त होती.

*

मग गावपळण आली.

आचऱ्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. काही वर्षांनी एकदा ग्रामदैवताचा कौल होतो आणि सबंध गाव घरं उघडी टाकून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळी. तीन दिवस गावात चूल नाही, दिवा नाही, आवाज नाही. वेशीबाहेर शेतांत झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात आणि चौथ्या दिवशी देवाने परत कौल दिला की गाव घरी. सत्तावन्न सालच्या थंडीत मीही वळकटी बांधून निघायच्या तयारीत होतो, तोच भिकाजीच्या खळ्यातून भांडण ऐकू आलं.

भाई नावाचे गावातले वयस्क मानकरी काठी टेकून उभे होते. समोर भिकाजी पेटीला पाठीशी घालून.

"जां बोलता तां गावात ऱ्हवता कामा नये," भाई म्हणत होते. "ही बाय बोलता काय नाय?"

"बोलता. पण भाई, ती तबकडी आसा. चावी दिल्याशिवाय बोलणा नाय."

"माझी सूनपण चावी दिल्याशिवाय बोलणा नाय. ती भायर निघाली मां?"

"पण ही जिती खंय आसा?"

"आवाज आसा तो जितो. उद्या रिकाम्या गावात ही गायाक लागली तर देवाक काय सांगू? भिकाजीची पाव्हणी आसा म्हणान?"

भाईंनी माझ्याकडे पाहिलं. मास्तर म्हणून माझं मत महत्त्वाचं होतं. तबकडी सजीव की निर्जीव? गेली तीन वर्षं आठवड्यातून एकदा ती बाई माझा जो छळ करत होती तो पाहता तिला निर्जीव म्हणायला जीभ रेटेना. मी म्हटलं, "न्यावी हे बरं."

अशी मिस नेटी फ्लॅनरी आचऱ्याची रयत ठरली आणि भिकाजीच्या डोक्यावर बसून वेशीबाहेर पडली. मागून हौसाबाई, तिच्या काखेत कोंबड्या.

"तिका डोक्यार," ती म्हणाली, "आणि माका कोंबड्ये. न्याय आसा."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाली आणि लोकांना करायला काही उरलं नाही. शेजारच्या झोपडीतली काशीबाई, वय ऐंशीच्या पुढचं आणि कान तिखट, म्हणाली, "भिकाजी, ती तुझी बाय गायाक लाव रे. आमीपण आयकतो." बघता बघता सगळी झोपडवस्ती गोळा झाली. भिकाजीचा चेहरा उतरला. इतक्या लोकांसमोर तो हसणार, आणि मग कुणीतरी विचारणार, काय म्हणाली ती? त्याने माझ्याकडे पाहिलं. मी झावळ्या मोजू लागलो.

तबकडी फिरली. होडीतले सहाजण सहा दिशांना निघाले. बाईने आपला सुका बांगडा काढला. लोक तोंडं उघडी टाकून ऐकत होते. चार ओळी झाल्या, ती थांबली, पियानोने दोन बोटं वाजवली, भिकाजीने हसण्यासाठी छाती भरून घेतली, आणि त्या शांततेत काशीबाईने हात जोडून खणखणीत आवाजात म्हटलं,

"व्हय म्हाराजा!"

तिचा काही दोष नव्हता. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा मानकरी एक वाक्य म्हणून थांबतो आणि सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. लहानपणापासून हे इतकं अंगात मुरतं की बोलणारा ऐटीत थांबला की तोंडातून ते निघतंच. माझ्या वर्गात मी "क्रियापदाचे प्रकार तीन" म्हणून श्वास घेतला की मागच्या बाकावरून हमखास "व्हय म्हाराजा" येई. काशीबाईला नेटीबाय कुठल्या देशाची हे माहीत नव्हतं. पण ती गाऱ्हाणं घालतेय हे तिला पहिल्या फटक्यात कळलं होतं.

पुढच्या चार ओळी. थांबा. या वेळी दहाबारा गळे: "व्हय म्हाराजा!"

त्यापुढच्या थांब्याला सगळी वस्ती. मला वाटतं, बांधापलीकडच्या बैलांनीही मान डोलावली. आणि त्यानंतर जे हसणं उसळलं, ते बघून माझी मती गुंग झाली. या लोकांना एक शब्द कळत नव्हता. मला तीन कळत होते आणि मी कधी मनापासून हसलो नव्हतो. मग हे कशाला हसत होते? बाईला, काशीबाईला, की देवाला? आणि मीही डोळे पुसत होतो, तो कशाला?

"परत लाव," लोक ओरडले.

परत लावली. पण आता हौसाबाई पुढे आली. पदर कमरेला खोचला, पेटीशेजारी उभी राहिली, आणि नेटीबायने ओळी संपवून श्वास घेतला की तिने भाईंच्या थाटात सुरू केलं,

"बा म्हाराजा, ह्यो माझो घोव मुंबैक जावन बर्फ फोडून इलो..."

"व्हय म्हाराजा!"

नेटीबायच्या पुढच्या ओळी. थांबा.

"येताना बायलेक लुगडां हाडूक इसारलो, पण परक्या बायेक डोक्यार घेवन इलो..."

"व्हय म्हाराजा!!"

"तिच्या बोलण्याक इतकी वर्सां हसता, पण कित्याक हसता, तां म्हाराजा, तेका सोताक ठावक नाय..."

"व्हय म्हाराजा!!!"

लोक लोळत होते. ही थट्टा आहे असं सगळ्यांना वाटलं. ती थट्टा नाही हे त्या शेतात तिघांनाच माहीत होतं: भिकाजीला, मला, आणि, त्याच क्षणी आम्हाला कळलं, हौसाबाईला. तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. भिकाजी पांढरा पडला. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. ती पियानोला टेकल्यासारखी पेटीला टेकून उभी होती. सगळं गाव हसत होतं, ही उभी. चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती.

मग भिकाजीच्या पोटात ती कळशी बुडाली. बुडबुड, खोकला, आणि तो हसला. नेटीबाय भर ओळीत गात असताना, साफ चुकीच्या जागी.

*

त्यानंतर गावाने नेटीबायला सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळपासून तबकडी सारखी फिरत होती आणि हौसाबाईच्या गाऱ्हाण्यात भाई, वाणी, मास्तर सगळे येऊन गेले. माझ्यावरचं गाऱ्हाणं छत्रीबद्दल होतं. ते इथे देत नाही.

चौथ्या दिवशी भाई आणि इतर मानकरी कौल घ्यायला देवळात गेले. आम्ही वेशीवर सामान बांधून उभे. भिकाजी वाटेकडे डोळे लावून होता. देवाने नेटीबायला नको म्हटलं तर? तिला काय वेशीवर ठेवायची? भाई परत आले ते काठी उंच धरून. मूर्तीला लावलेली उजवीकडची पाकळी पडून उजवा, म्हणजे होकाराचा, कौल झाला होता. भिकाजीने त्यांना गाठलं.

"भाई, तिचा नाव घेतलास?"

"घेतलंय. म्हटलंय, भिकाजीची बाय पेटयेसकट येता, सांभाळून घे."

"आणि?"

"आणि काय! पाकळी पडली. तुझ्या बायेक देवान ठेवन घेतल्यान."

भिकाजी आनंदाने पेटी उचलायला धावला. पेटीत तबकडी नव्हती.

ती झोपडीच्या छपरावर होती. काशीबाईने आदल्या दिवशी ठेवली होती. विचारलं तर ती निरागसपणे म्हणाली, "बायन लय गायल्यान रे. हात लावलंय तर तापली होती. म्हटलंय, जरा वाऱ्यार पडांदे." वाऱ्यावर म्हणजे उघड्यावर, जिथे आम्ही सोलं आणि सांडगे वाळवतो. डिसेंबर असला तरी कोकणातलं भर दुपारचं ऊन. तबकडीच्या कडा वर वळून तिची मातीच्या परळासारखी पसरट वाटी झाली होती.

घरी येऊन भिकाजीने ती लावून पाहिली. सुई डोंगर चढली, दरीत उतरली, आणि नेटीबायचा आवाज खाडीच्या मुखाशी होडी हलावी तसा हलू लागला. तिने मंगळवारपर्यंत मजल मारली. कर्नल काही आला नाही. भिकाजीने तबकडीवर रात्रभर पाटा ठेवून पाहिला, उपयोग झाला नाही. मग त्याने ती खुंटीला अडकवली. काशीबाईला तो एक शब्द बोलला नाही. मला मात्र एकदाच म्हणाला, "मास्तर, आता कळाचा नाय."

*

एकसष्ट साली माझी बदली आरोंद्याला झाली. तिथे तेरेखोलच्या काठी पास्कू मेंडिस म्हणून एक म्हातारा राहायचा. लग्नांत, मिरवणुकींत तुतारी वाजवायचा. एकदा बोलता बोलता तो मुंबईतल्या हॉटेलाबद्दल सांगू लागला आणि मी उडालो. त्या बँडमधली ती मधेच शब्द गिळणारी तुतारी याचीच! मी त्याला गाणं म्हणून दाखवलं. माझ्या गाण्याने त्याचं कुत्रं उठून गेलं, पण त्याने ओळखलं.

"नेटी? सायबा! रोज वाजवलांव तिच्यावांगडा."

"तिथे थांबल्यावर लोक हसायचे. ती काय म्हणायची?"

"म्हणतली काय? कर्नल मंगळवारी इलो, छत्री इसारलो, बुधवारी परत इलो."

माझे तिन्ही शब्द बरोबर होते. "मग हसायचे कशाला?"

पास्कूने तुतारी मांडीवर ठेवली. "तिचे लांब पांढरे हातमोजे आसत. थंय थांबली काय एक हातमोजो काढी, आणि म्होरल्या टेबलार टकलो सायब बसलेलो आसा तेच्या टकलेर ठेवी. हळूच. पाखरू बसवतत तसा. आणि आपण उभी, काय जावकच नाय तशी."

"रोज?"

"रोज. टक्कल वेगळां."

"आणि गाण्यात?"

"गाण्यात हसाक काय्यक नाय. बरां गाणां. पावसाचां."

ती पुढे कुठे गेली विचारलं. लग्न करून परदेशी गेली म्हणाला. नवरा टकला होता का, असं मी आपलं विचारलं. "नाय," पास्कू म्हणाला, "केसाळ होतो."

मे महिन्याच्या सुट्टीत मी मुद्दाम वाट वाकडी करून आचऱ्याला गेलो. भिकाजी पोफळींना पाणी लावत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने पाटाचं तोंड मातीने बंद केलं आणि हात धुतले.

"टकलेर?"

"हो."

"आणि गाण्यात काय नाय?"

"काही नाही."

"म्हणजे मी इतकी वर्सां टकलेक हसलंय."

"तसंच म्हणायचं."

"दिसा नाय हो मास्तर," तो म्हणाला. "दारातना माका टक्कल दिसा नाय. कोपर तेवढा दिसा." आणि मग, "मोठां होता काय टक्कल?"

"रोज वेगळं असायचं."

ओटीवरून हौसाबाई म्हणाली, "घरात टक्कल आसताना मुंबैचां बघूक गेले! येवा हंय, माझो हात मोकळो आसा." आणि ती खरंच आली, खांद्यावरचं ओलं फडकं काढलं, भिकाजीच्या डोक्यावर हळूच ठेवलं आणि बाजूला उभी राहिली.

भिकाजी हसला. मी सवयीने ते हसणं कापलं जायची वाट पाहत होतो. ते कापलं गेलं नाही. हळूहळू विरत गेलं.

पुढे चौसष्टच्या पावसाळ्यात भिकाजी काविळीने वारला. ग्रामोफोन कट्टा गावच्या बाजारात एका सलूनवाल्याने घेतला. तबकडी हौसाबाईने कोंबड्यांना पाणी ठेवायला काढली होती, पण मध्ये भोक असल्याने पाणी राहीना, म्हणून टाकून दिली.